नेव्हिलसाठी तेरा मैल

तू कशासाठी धावतोस, असं ट्रेव्हर ओल्डरॉइडला कुणी विचारायची सोय नव्हती. उत्तर त्याच्या अंगावरच छापलेलं होतं. जांभळ्या बनियनवर पुढे ‘लार्कफील्ड हॉस्पिस’ आणि मागे चार पिनांनी अडकवलेल्या कागदावर त्याच्या बायकोच्या, जिलच्या टपोऱ्या अक्षरात ‘माझा भाऊ नेव्हिल याच्यासाठी’. गाव लहान, त्यामुळे नेव्हिल कोण हेही सगळ्यांना ठाऊक. गालिच्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त करणारा, थोरला ओल्डरॉइड. जानेवारीत त्याच्या पोटात गाठ निघाली, डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. त्यानंतरच्या शनिवारी ट्रेव्हरने धावायचे बूट विकत घेतले.

यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यातल्या माणसांची रीतच तशी आहे. आपल्यातलं कुणी आजारी पडलं की त्यांच्याने स्वस्थ बसवत नाही. कुणी केक भाजून विकतं, कुणी वीस वर्षं राखलेल्या मिशा चारचौघांत उतरवतं, कुणी शिजवलेल्या बीन्सनी भरलेल्या टबात तासभर बसून राहतं आणि लोक त्याला पैसे देतात. बीन्सच्या टबात तासभर बसतील, पण आजाऱ्याच्या खाटेशेजारी दहा मिनिटं म्हटलं की त्यांना गाडी चुकीच्या जागी लावल्याची आठवण होते. यात हसण्यासारखं काही नाही. त्या केकांवर आणि मिशांवरच लार्कफील्डसारखी ठिकाणं चालतात, आणि तिथे शेवटचे दिवस काढणाऱ्या माणसाला वेदना होऊ नयेत म्हणून जे जे लागतं ते सगळं त्यातून येतं. ट्रेव्हरने तेरा मैल धावायचं ठरवलं ते काही वाईट ठरवलं नव्हतं.

अठ्ठावन्न वर्षांचा हा गडी बांधकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. आयुष्यात बसच्या मागेदेखील धावला नव्हता. पहिल्या दिवशी टपालपेटीपर्यंत गेला आणि तिलाच मिठी मारून उभा राहिला. पण मार्च येईतो आठ मैल व्हायला लागले. दुकानात देणगीचा कागद टांगला होता, त्यावर गवंड्यांची, नळवाल्यांची नावं खाली खाली सरकत गेली. ‘पॅकहॉर्स’ नावाच्या पबचा मालक बॅरी तर म्हणाला, “दोन तासांच्या आत आलास तर माझे पन्नासचे शंभर करतो. आणि नाही आलास तर वर्षभर माझ्या पबात चहा प्यायचा, बिअर नाही.” हे गावभर झालं. मग ते दोन तास ट्रेव्हरच्या डोक्यात जाऊन बसले.

मार्चच्या मध्यावर नेव्हिलला लार्कफील्डमध्ये हलवलं. जागा छान होती. गावाबाहेर, चढावर, खिडकीतून समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या दिसायच्या. आणि योगायोग असा की शर्यतीचा रस्ता नेमका त्याच फाटकावरून जाणारा, सातव्या मैलाला. ट्रेव्हरला हे फार सोयीचं झालं. रविवारी दुपारी तो लांब पल्ल्याच्या सरावाला निघायचा आणि वाटेत भावाला भेटून जायचा.

भेटायचा म्हणजे काय, तर खोलीच्या दारात उभा राहायचा. घामाने निथळलेला, पायावर चिखल, हातातल्या घड्याळावर एक डोळा.

“ये, बैस,” नेव्हिल म्हणायचा.

“नको रे, ओला झालोय सगळा. खुर्ची खराब होईल.”

“खुर्ची माझ्या बापाची आहे का? बैस.”

“बसलो ना, तर पाय आखडतात. मग घरी जिलला उचलून न्यावं लागेल मला.”

“जिल नेईल. लग्नात तिनेच नेलं होतं तुला.”

दोघं हसायचे. ट्रेव्हर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत राहायचा, हवा, मेंढ्या, देणगीचा कागद कुठवर आला, एवढं बोलून व्हायचं आणि तो काढता पाय घ्यायचा. एकदा मॉरीनने, नेव्हिलच्या बायकोने, टॉवेल आणून खुर्चीवर अंथरला. त्या दिवशी ट्रेव्हरने पोटरीत गोळा आल्याचं सांगितलं.

असं चार रविवार चाललं. पाचव्या रविवारी मॉरीन चहा आणायला गेली होती. नेव्हिल उशीला टेकून बसला होता. गालफडं आत गेली होती, पण डोळे तेच होते, मागाचा एक सुटलेला धागा दहा पावलांवरून ओळखणारे. तो म्हणाला, “ट्रेव्ह, मला तुझ्याशी एक बोलायचंय.”

“बोल की.”

“असं दारात उभ्या उभ्या नाही. निवांत. तास-दीड तास काढून ये. अंघोळ करून, बरे कपडे घालून ये.”

“येतो,” ट्रेव्हर म्हणाला, आणि मॉरीन चहा घेऊन यायच्या आत निघाला.

कारण नेव्हिलला काय बोलायचं असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किंवा आपल्याला ठाऊक आहे असं त्याला पक्कं वाटत होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ट्रेव्हर स्पेनमध्ये होता. आई वृद्धाश्रमात होती, छाती भरली होती, नेव्हिलने फोन करून सांगितलं होतं की लक्षण काही ठीक दिसत नाही. पण आठवड्याची सहल आधीच ठरलेली, पैसे भरलेले, जिलने नवे सँडल घेतलेले. ट्रेव्हर म्हणाला होता, आई काटक आहे, मागच्या वर्षीही असंच झालं होतं. आणि तो गेला. चौथ्या दिवशी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापाशी फोन आला. तीन रात्री नेव्हिल एकटा आईच्या उशाशी बसून होता. ट्रेव्हर उन्हाने लाल झालेल्या नाकाने दफनाला उभा राहिला, आणि नेव्हिलने त्याचा खांदा दाबून ‘विमान वेळेवर आलं ना?’ एवढंच विचारलं. पुढे अकरा वर्षांत त्याविषयी चकार शब्द काढला नाही. ट्रेव्हरनेही काढला नाही. त्या घरात कुणी काही काढत नसे. पण न बोललेलं काही विरघळून जात नाही, आणि मरणाच्या दारातला माणूस मनात काही ठेवून जात नाही, हे ट्रेव्हर जाणून होता. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने खाल्ल्या असत्या. पण नेव्हिल शिव्या देणारा नव्हता. तो शांतपणे एक वाक्य बोलला असता, आणि ते वाक्य घेऊन ट्रेव्हरला पुढची वीस-पंचवीस वर्षं जगावं लागलं असतं.

म्हणून ट्रेव्हर गेला नाही. म्हणजे गेला, पण दारापर्यंत, धावायच्या कपड्यांत. बुधवारी सांगितलं, दुकानात माल उतरवायचाय. शनिवारी सांगितलं, डॉक्टर म्हणतात शर्यतीआधी आजाऱ्यांत फार बसू नकोस, सर्दी लागेल. असलं काही कुठला डॉक्टर म्हणाला नव्हता. नेव्हिल प्रत्येक वेळी “बरं, मग शर्यत झाल्यावर” म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी ते म्हणणारा आवाज आधीपेक्षा बारीक असायचा. ट्रेव्हरने ते ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि त्या दिवशी दोन मैल जास्त धावला. घरी आल्यावर जिल म्हणाली, “किती करतोस रे भावासाठी.” तो मोज्यातला चिखल झटकत राहिला.

“शर्यत झाली की जाऊन बसणार आहे मी,” तो म्हणाला. “चांगला दुपारभर.”

“आजच का नाही जात?” जिलने विचारलं.

“आज पाय सुजलेत.”

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी शर्यत झाली. ऊन पडलं होतं, जे त्या खोऱ्यात स्वतःच एक बातमी असते. नगरभवनासमोर आठशे माणसं जमली. कुणी केळ्याच्या वेषात, कुणी नर्सच्या झग्यात दाढीसकट, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर एक कागद. माझी आई. आमचा डॅनी. आजोबा. ट्रेव्हर त्या पाठींच्या मागून धावू लागला. सहा मैलांपर्यंत त्याचं गणित बरोबर होतं, एक मिनिट हातचं राखून.

लार्कफील्डच्या फाटकावर दर वर्षी असतो तसा थाट होता. ज्यांना बाहेर आणता येतं त्यांना खुर्च्यांवरून, काहींना तर खाटेसकट बाहेर आणतात, गुडघ्यांवर पांघरुणं, हातात छोटी जांभळी निशाणं. स्वयंसेवक पाण्याचे पेले घेऊन उभे असतात. नेव्हिल फाटकाच्या अलीकडे होता, चाकांच्या खुर्चीत, डोक्यावर मॉरीनची लोकरी टोपी. इतका लहान दिसत होता की ट्रेव्हरला आधी ओळखूच आला नाही. मागे मॉरीन आणि बर्नडेट नावाची आयरिश नर्स उभी होती.

“तो बघ आला, तुझा घोडा,” बर्नडेट ओरडली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

नेव्हिलने हात वर केला. हलवला नाही. तळवा समोर धरून तसाच वर ठेवला, बस थांबवायला हात दाखवतात तसा.

ट्रेव्हरने ते पाहिलं. घड्याळही पाहिलं. एक तास तीन मिनिटं. इथे थांबलो तर पाय पुन्हा उचलायचे नाहीत, आणि हजार डोळ्यांसमोर नेव्ह काय बोलणार, आणि बॅरीचे पन्नास पौंड अखेर ह्याच माणसांसाठी आहेत, हे सगळं एका श्वासात त्याच्या मनातून गेलं. माणसाला न थांबायचं असलं की कारणं धावतच येतात. त्याने जाता जाता भावाच्या वर केलेल्या तळव्यावर जोरात टाळी दिली, “आलोच, नेव्ह, संपवून आलोच!” असं म्हणाला आणि पुढे गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी फोटो काढला. पुढे तो स्थानिक वर्तमानपत्रात आला, तिसऱ्या पानावर, आणि त्यात दोघं भाऊ हसताहेत असं वाटतं. नेव्हिलचं तोंड उघडं आहे. तो काहीतरी म्हणत होता.

एक तास अठ्ठावन्न मिनिटांत ट्रेव्हरने शर्यत संपवली. गळ्यात पदक पडलं. लगेच निघायचं असं त्याने ठरवलं होतं, आणि तो निघालाही होता, पण बॅरीने त्याला खांद्याला धरून पॅकहॉर्समध्ये नेलं, कारण शंभर पौंड सगळ्यांच्या देखत द्यायचे होते. एका ग्लासाचे दोन झाले. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांना नाही कसं म्हणणार? मग घरी जाऊन अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. बरे कपडे घालून ये, असं नेव्हिल म्हणाला होता. ह्या खेपेला ट्रेव्हर खरंच बसायला निघाला होता. आईविषयी जे काय असेल ते ऐकायची त्याची तयारी झाली होती. तेरा मैल आणि दोन ग्लासांनी त्याच्यात तेवढं धैर्य आलं होतं.

तो पोचला तेव्हा चार वाजले होते. बर्नडेट दारातच भेटली.

“झोपलाय,” ती म्हणाली. “बाहेर बसणं त्याला फार झालं, राजा. नको म्हणत होते आम्ही, पण ऐकेना. आल्यावर दुखायला लागलं, म्हणून औषध वाढवलंय.”

“उठेल ना?”

बर्नडेटने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. “तू बैस त्याच्यापाशी,” ती म्हणाली.

तो बसला. रविवार होता म्हणून कुणीतरी रेडिओ लावून ठेवला होता, हळू आवाजात. त्यांच्या गावच्या संघाची रग्बीची मॅच चालू होती. ट्रेव्हरने भावाला गुण सांगितले. मग शर्यतीविषयी सांगितलं, मैलामैलाने, केळ्याच्या वेषातला माणूस कसा पडला ते. मग बोलायला काही उरलं नाही. रविवारची रात्र, सोमवार आणि सोमवारची रात्र नेव्हिल जागा झाला नाही. मॉरीन पलीकडे बसून विणत होती, मधूनमधून डुलकी घेत होती. ट्रेव्हर खाली वाकून, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारत राहिला, “काय बोलायचं होतं, नेव्ह? बोल की आता. मी बसलोय.” नेव्हिलचा श्वास यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मंगळवारी सकाळी, मेंढ्यांना कुणीतरी हाकत नेत असताना, तो यायचा थांबला.

दफनाला चर्च भरलं. पाद्रीबाईंनी दोन्ही भावांविषयी सांगितलं. एक भाऊ, ज्याने कधी तक्रार केली नाही, आणि दुसरा, ज्याने आपलं प्रेम शब्दांत नाही, पायांनी बोलून दाखवलं. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. ट्रेव्हर पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि लोकांना ते शोभून दिसत होतं. फुलं नकोत, लार्कफील्डला देणगी द्या, असं मॉरीनने कळवलं होतं. दाराशी डबा ठेवला होता, तो भरून वाहत होता. जो तो ट्रेव्हरची पाठ थोपटून जात होता. त्याला ते थोपटणं एकेक रट्टा बसावा तसं लागत होतं, पण सांगणार कुणाला?

मग सगळे कामगार क्लबात चहाला जमले. हॅमचे सँडविच, मांसाचं सारण भरलेल्या गार पेस्ट्र्या, लोणच्याचे कांदे. मॉरीन आत स्वयंपाकघरात किटलीपाशी एकटी होती. काळा पोशाख, वर क्लबचा फुलाफुलांचा एप्रन. ट्रेव्हर आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

“मॉरीन, एक विचारायचंय.”

“विचार. तो ट्रे दे आधी.”

त्याने ट्रे दिला. “नेव्हला माझ्याशी काय बोलायचं होतं? शेवटपर्यंत म्हणत होता. तुला सांगितलं असेल त्याने.”

मॉरीन कप मांडत होती. “काही नाही.”

“मी ऐकून घेईन. आईविषयी होतं ना?”

“आईविषयी? कुणाच्या?”

“आमच्या. मी तेव्हा स्पेनला गेलो होतो ते.”

मॉरीनचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा आठवड्याभरात पहिल्यांदाच. “ते तुझ्या डोक्यात होतं? अरे, तो तर म्हणायचा, बरं झालं आमचा ट्रेव्ह तेव्हा नव्हता, त्याला ते बघवलं नसतं. किती वेळा म्हणालाय.”

“मग बोलायचं काय होतं?”

“काहीच बोलायचं नव्हतं रे त्याला.” तिने किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. “रविवारी मॅच ऐकायला कुणीतरी हवं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, मी नुसती हो हो करायची, त्याने त्याला राग यायचा. मी म्हटलं, ट्रेव्हला सांग ना सरळ, येऊन बस म्हणावं. तर म्हणाला, नुसतं बस म्हटलं तर तो बसायचा नाही, त्याला लाज वाटते. काहीतरी काम आहे म्हटलं की येईल. म्हणून त्याने ते बोलायचं काढलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, उगाच घाबरवशील त्याला. पण त्याला वाटलं, फार हुशारी केली आपण.”

पलीकडे हॉलमध्ये बॅरी मोठ्याने काहीतरी सांगत होता आणि लोक हसत होते. अकरा वर्षं ज्या वाक्याला ट्रेव्हर भ्यायला ते नव्हतंच. ज्या माणसापासून तो इतके आठवडे पळत राहिला, त्याला नुसता रविवारचा दीड तास हवा होता, आणि तो मागायची त्यालाही लाज वाटली होती. दोघंही एकाच बापाचे. ट्रेव्हरला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही, आवरता आलंही नसतं. मॉरीनने एप्रनच्या टोकाने स्वतःचे डोळे पुसले आणि त्याला भांडी पुसायचं एक फडकं दिलं.

फडक्याने तोंड पुसून तो म्हणाला, “मी येत जाईन, मॉरीन. दर रविवारी. येऊन बसेन तुझ्यापाशी. मॅच लावू.”

तिने त्याच्या गालाला हात लावला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, नुसता दमलेपणा होता.

“आता कशाला, राजा?” ती म्हणाली. “मला कुठे मॅच कळते.”

मग तिने सँडविचची मोठी थाळी त्याच्या हातात दिली, कारण बाहेर संपत आले होते. तो थाळी घेऊन हॉलभर फिरला. लोक सँडविच उचलत होते, त्याची पाठ थोपटत होते, आणि पुढच्या वर्षी धावणार ना, असं विचारत होते.